स्वाध्याय कुणी लिहिला? एका सत्राचा अनुभव

पहिल्या सत्राचे अंतर्गत गुण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विद्यापीठाच्या पोर्टलवर भरले, प्रिंट काढली, प्राचार्यांची सही घेतली आणि फाईल परीक्षा विभागात दिली. काम दरवर्षीचंच, पण यंदा त्या यादीतल्या बऱ्याच आकड्यांमागे एकेक भेट, एकेक कागद आणि पुष्कळ घालमेल आहे. मधल्या काळात लातूर, नांदेड, बीडकडच्या शिक्षक मैत्रिणींचे फोन येत राहिले. "तुझ्याकडची पोरंही मोबाईलमधून स्वाध्याय उतरवून आणायलेत का? मग तू काय करायलीस?" मोबाईलमधून म्हणजे चॅटजीपीटीसारख्या, विचारलं की मजकूर लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून. फोनवर सगळं सांगणं होत नाही. म्हणून जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहिते.

मी परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या काठावरच्या एका तालुक्याच्या गावी, पदवीच्या वर्गांना मराठी शिकवते. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला साठेक मुलं-मुली. बरीचशी एसटीने किंवा काळीपिवळीने येणारी, घरातून कॉलेजात पोचलेली पहिलीच. आमच्या पेपरला अंतर्गत मूल्यमापनात स्वाध्यायाचे १० गुण आहेत. विषय जुलैमध्येच दिला होता: संत जनाबाईंच्या अभंगांतील स्त्रीमन. सहा ते आठ पानं, स्वतःच्या हाताने लिहायची, मुदत २५ ऑगस्ट, म्हणजे गणपतीच्या आधीचा सोमवार.

हाताने लिहून घेतलं की नक्कल होत नाही, असं अनेक महाविद्यालयांत अजून धरून चालतात. तसं राहिलेलं नाही. मोबाईल टेकून ठेवायचा आणि बघून उतरवायचं, एवढंच लागतं. आणि हे आता शहरातल्या पोरांपुरतं नाही. एअरटेलने जुलै २०२५ मध्ये ग्राहकांना परप्लेक्सिटी या अशाच यंत्राची पैसे भरून मिळणारी सेवा वर्षभर मोफत दिली. ऑक्टोबरच्या शेवटी जिओने १८ ते २५ वयाच्या ग्राहकांपासून सुरुवात करून गुगलच्या जेमिनीची सेवा १८ महिन्यांसाठी मोफत केली. नोव्हेंबरात चॅटजीपीटीची एक योजनाही भारतात वर्षभरासाठी मोफत झाली. ज्या पोराकडे संदर्भग्रंथ घ्यायला पैसे नाहीत, त्याच्याही खिशात हे साधन रिचार्जबरोबर येऊन बसलंय.

गणपतीच्या सुट्टीत मी गठ्ठा घरी आणला. पहिले काही स्वाध्याय वाचून बरं वाटलं, इतके नेटके होते. मग तोच नेटकेपणा पुन्हा पुन्हा येऊ लागला. प्रस्तावना, चार-पाच उपशीर्षकं, प्रत्येकाखाली तीन मुद्दे, शेवटी समारोप. "केवळ भक्ती नसून आत्मभानाचा हुंकार आहे", "सखोल प्रभाव", "आजच्या काळातही तितकेच प्रासंगिक". एकाने मुद्द्यांच्या आधीची दोन-दोन चांदण्यांची (**), यंत्राच्या मजकुरात येणारी चिन्हंही पेनाने जशीच्या तशी काढली होती. एकीच्या शेवटच्या ओळीत "आणखी माहिती हवी असल्यास जरूर सांगा" असं होतं.

एवढ्यावरून मात्र कुणाला दोषी धरता येत नाही, हे मला त्याच रात्री जाणवलं. आपल्या मुलांना दहावीपासून गाईडची मराठी लिहायला शिकवली जाते. प्रस्तावना-समारोप, गुळगुळीत विशेषणं, "अनन्यसाधारण महत्त्व" हे सगळं त्यांना आपणच चांगल्या लेखनाचं लक्षण म्हणून दिलंय. यंत्रही तसंच लिहितं. भाषा गुळगुळीत आहे म्हणून संशय घ्यायचा, तर जी पोरगी वर्षानुवर्षं गाईड पाठ करून प्रामाणिकपणे लिहिते, ती आधी सापडते.

त्यापेक्षा भरवशाच्या दोन-तीन खुणा होत्या, आणि त्या नीट वाचल्याशिवाय दिसत नाहीत. पहिली, उतरवताना होणारी चूक. डोळा एका ओळीवरून खालच्या ओळीवर उडी मारतो आणि वाक्य मध्येच तुटून दुसऱ्याच वाक्याला जोडलं जातं. स्वतः विचार करत लिहिणाऱ्याची वाक्यं फसतात, रेंगाळतात, पण अशी तुटत नाहीत. यातून काहीतरी बघून लिहिलंय एवढं कळतं. ते पुस्तक होतं, मैत्रिणीची वही होती की यंत्र, हे कळत नाही.

दुसरी खूण चुकीच्या माहितीची. जनाबाईंचा जन्म गंगाखेडचा, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक आहे. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं गंगाखेडच्या आसपासच्या गावांतून येतात, जनाबाईंच्या मंदिरात लहानपणापासून जातात. त्यांच्याच काही स्वाध्यायांत जनाबाई पंढरपूरजवळच्या खेड्यात जन्मल्या होत्या. हे वाचून मला राग नाही आला, वाईट वाटलं. स्वतःच्या गावाची गोष्ट पोराने दुसऱ्याला विचारली, उत्तर चुकीचं आलं आणि त्याने ते उतरवून घेतलं. स्वतःला माहीत असलेलं खरं असू शकतं, यावरचा त्याचा विश्वासच कुठेतरी कमी पडला.

तिसरी खूण सगळ्यांत पक्की. काही स्वाध्यायांत जनाबाईंच्या म्हणून दिलेल्या ओळी मला कधी वाचल्याचं आठवेना. शेवटी "जनी म्हणे" होतं, दळण-कांडण होतं, विठ्ठल होता, सगळं जिथल्या तिथे. ग्रंथालयात गाथा काढून बसले. ग्रंथपाल सर जुन्या पिढीतले, त्यांनी प्रथमचरणांची सूची काढून दिली आणि स्वतःही शोधायला बसले. ओळी सापडल्या नाहीत. दुसऱ्या आवृत्तीत पाहिलं, तिथेही नाहीत. संदर्भसूचीतल्या एका पुस्तकाचंही तेच. लेखिकेचं नाव, पुण्यातला प्रकाशक, साल, सगळं होतं, पण असं पुस्तक आम्हाला कुठल्याच ग्रंथसूचीत मिळालं नाही. ही यंत्रं बऱ्याचदा शोधून देण्याऐवजी शोभेल असा मजकूर रचतात. त्यामुळे अवतरण आणि संदर्भ तपासायचं काम कंटाळवाणं असलं तरी सोडू नका. प्रत्येक स्वाध्यायातलं एक अवतरण आणि एक संदर्भ तपासला तरी पुष्कळ कळतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी हा विषय स्टाफरूममध्ये काढला. एक सहकारी लगेच म्हणाले, "मॅडम, कशाला डोकं लावता? ओळखणारी साइट आहे, टाका की त्याच्यात." हस्तलिखित असल्यामुळे आधी मजकूर टाइप करावा लागणार होता. मोफत साइटवर एका वेळी थोडेच शब्द चालतात, आणि दुसरी एक साइट महिन्याला हजाराच्या वर पैसे मागत होती. पैसे भरण्याआधी मी एक गोष्ट केली, ती कुणालाही करता येईल. कॉलेजच्या जुन्या वार्षिकांकांतले विद्यार्थ्यांचे लेख टाइप करून त्या साइटला दिले. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी छापलेला लेख यंत्राने लिहिलेला असणं शक्यच नाही. त्यातल्या एका लेखाला साइटने निम्म्याहून अधिक यंत्रलिखित ठरवलं. तो लेख लिहिणारी मुलगी आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे.

मग मी या साधनांबद्दल वाचलं. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, वाक्यांच्या लांबीत किती चढउतार आहे, अशा गोष्टी मोजून ती अंदाज बांधतात. म्हणजे साधी, ठरावीक वळणाची वाक्यं लिहिणारा माणूस त्यांच्या दृष्टीने यंत्रासारखा ठरतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं ओळखसाधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत त्याने यंत्राचा मजकूर २६ टक्के वेळा पकडला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुराला यंत्राचा ठरवलं, तेही इंग्रजीत. कमी अचूकतेमुळे त्याच वर्षी जुलैत ते बंद झालं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के या साधनांनी यंत्राचे ठरवले, तर अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध जवळपास सगळे बरोबर ओळखले. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन या नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधली यंत्रलेखन ओळखायची सोय बंद केली, तेव्हाचा हिशेब असा होता: वर्षाला ७५,००० निबंध येतात, त्यात फक्त १ टक्का चूक धरली तरी ७५० निबंधांवर नाहक ठपका बसतो. इंग्रजीची ही गत, तर परभणीकडच्या पोराच्या मराठीबद्दल त्या आकड्यावर विसंबायचं कसं? मी पैसे भरले नाहीत.

आणखी एक उपाय काही जण करतात, तोही टाळा. निबंध चॅटजीपीटीलाच देऊन "हे तू लिहिलंस का?" असं विचारायचं. ते कशालाही हो म्हणू शकतं. टेक्सासमधल्या एका शिक्षकाने २०२३ मध्ये असंच केलं आणि वर्गाचे निकाल खोळंबले. शिवाय मुलांचं नाव आणि आसन क्रमांक असलेला मजकूर परक्या संकेतस्थळावर चढवणं मला बरोबर वाटत नाही.

विभागात दुसरा एक गोंधळ झाला, तो तुमच्याकडेही होईल म्हणून सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी विनियम काढून कुणीतरी म्हणालं, "१० टक्क्यांपर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं की कारवाई." ते टक्के साम्याचे आहेत. दुसऱ्याच्या छापील किंवा संगणकीय मजकुराशी आपला मजकूर किती जुळतो, याचे. शिक्षेचे टप्पेही मुख्यतः प्रबंध-शोधनिबंधांसाठी आखलेले आहेत. यंत्र दरवेळी नवी वाक्यं जुळवतं, त्यामुळे साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते सहसा सापडतच नाही. ओळखसाधनाचा टक्का आणि साम्याचा टक्का एकाच मापाने मोजायचे नाहीत, हे मी विभागाच्या इतिवृत्तात लिहून घेतलं.

प्राचार्यांना अर्ज दिला. कार्यालयात आवक क्रमांक पडला, पोच घेतली, आणि वाट बघत बसले. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, कागदपत्रांची धांदल सुरू होती. १२ सप्टेंबरला बोलावणं आलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मॅडम, शून्य द्यायला एक मिनिट लागतंय. उद्या पालकानं लेखी विचारलं, तर आपल्या फाईलीत काय आहे?" त्या प्रश्नाने मला वाट दाखवली. संशयावर गुण कापायचे नाहीत, दाखवता येईल त्यावरच कापायचे. जनाबाईंच्या नावावर खोटी ओवी दिली असेल तर त्याचे गुण जातील, ती यंत्राने रचलेली असो की मैत्रिणीच्या वहीतली. नसलेलं पुस्तक संदर्भात असेल तर त्याचेही जातील. आणि कुठलाही निर्णय विद्यार्थ्याशी बोलल्यावर. असं सगळं एका पानावर मराठीत टाइप केलं, विभागाच्या बैठकीत मंजूर करून घेतलं आणि सूचना फलकावर लावलं. यंत्राची कुठली मदत चालेल तेही लिहिलं: शुद्धलेखन तपासणं, अवघड शब्दाचा अर्थ विचारणं चालेल, पण स्वाध्यायाच्या शेवटी दोन ओळींत तसं सांगायचं. विचार, अवतरणं आणि परिच्छेद स्वतःचे.

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं आणि त्या आठवड्यानंतर पावसाने सगळं थांबवलं. सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. जायकवाडीतून मोठा विसर्ग सुरू झाला, गोदाकाठची गावं धास्तावली, कितीतरी मुलांच्या घरचं सोयाबीन पाण्यात गेलं. त्या दिवसांत स्वाध्यायाबद्दल एक शब्दही काढला नाही.

भेटी ठेवल्या दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. सरसकट सगळ्यांच्या, हजेरीच्या क्रमाने, दहा-दहा मिनिटं. संशय असलेल्यांनाच बोलावलं असतं, तर वर्गात त्यांच्यावर शिक्का बसला असता. खोलीचं दार उघडं, बाजूला दुसऱ्या विषयाच्या एक मॅडम त्यांचे पेपर तपासत बसलेल्या. पहिलं वाक्य प्रत्येकाला तेच: "ही चौकशी नाही. तुझ्या स्वाध्यायाबद्दल बोलायचंय." मग त्यांच्याच स्वाध्यायातला एक परिच्छेद वाचायला लावायचा. ही ओवी कुठे मिळाली? यातला कुठला मुद्दा तुला सगळ्यांत पटला? काय लिहायचं होतं पण सोडून दिलं? हा शेवटचा प्रश्न फार उपयोगी आहे. ज्याने स्वतः लिहिलंय, त्याच्याकडे सोडून दिलेलं काहीतरी असतंच. "यंत्राने लिहिलंस का?" हे मी एकदाही विचारलं नाही. बहुतेकांनी आपणहून सांगितलं.

एक मुलगा मला वाटलं होतं त्याहून वेगळं सांगून गेला. "मॅडम, म्या मोबाईलवर बोललो सगळं. टाइप करता येत नाही नीट. मंग त्याला म्हनलं, शुद्ध करून दे." त्याने मूळ बोललेलं फोनमध्ये ठेवलं होतं, ते वाचून दाखवलं. आईला पहाटे दळताना पाहिलेलं, आजीचं नाव जनाबाईच असलेलं, सगळं त्यात होतं. शुद्ध होऊन आलेल्या मजकुरात यातलं काहीच उरलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, हे अशुद्ध असलेलंच मला दे, शुद्धलेखन आपण दोघं मिळून बघू. "पण मॅडम, ह्याला मार्क भेटतेन का?" त्याने विचारलं. या एका प्रश्नावर सगळ्या मराठीच्या शिक्षकांनी थांबून विचार करावा असं मला मनापासून वाटतं. पोरं आपल्या बोलीची लाज वाटून यंत्राकडे जात असतील, तर ती लाज त्यांना आपल्या लाल पेनानेही दिलेली आहे.

दुसरी एक मुलगी बसल्या बसल्या रडायला लागली. आई-वडिलांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, दिवाळी झाली की साखर कारखान्यावर जायचं. धाकटी भावंडं आणि आजी तिच्याकडे. ऑगस्टमध्ये आई आजारी होती, ती महिनाभर कॉलेजला आली नव्हती. शेवटच्या रात्री बहिणीच्या फोनवरून काढून लिहिलं. हजेरीपटावर हे सगळं मला दिसत होतंच, फक्त कारण माहीत नव्हतं. तिला पाणी दिलं, मुदत वाढवून दिली आणि त्या दिवशी तेवढ्यावरच थांबले.

आणि एक मुलगा, ज्याच्याबद्दल स्टाफरूममध्ये सगळ्यांची खात्री होती. भाषा इतकी सफाईदार की ओळखसाधनाला दिली असती तर नक्कीच यंत्राची ठरली असती. त्याला एका ओवीबद्दल विचारलं, तर तो मान खाली घालून म्हणू लागला आणि एकामागून एक अभंग म्हणत गेला. आजोबा गावात हरिपाठ घेतात, हा लहानपणापासून टाळ धरून मागे उभा. काय सोडून दिलंस, असं विचारल्यावर म्हणाला, "दोन अभंग जनाबाईंचे का नामदेवांचे, ह्याच्यात आजोबांचं आणि पुस्तकाचं जमत नव्हतं, म्हणून घेतले नाहीत." बाजूच्या मॅडमनी पेपर तपासायचं थांबवून ऐकलं. त्याला पूर्ण गुण मिळाले. आकड्यावर भरवसा ठेवला असता, तर या पोराचं काय झालं असतं, हे मनात आलं की अजूनही अंगावर काटा येतो.

सगळेच बोलले असं नाही. एकजण शेवटपर्यंत "मीच लिहिलं" म्हणत राहिला आणि स्वतःच्या दुसऱ्या परिच्छेदाचा अर्थ त्याला सांगता आला नाही. मी वाद घातला नाही. त्याला काय सांगता आलं, काय नाही, हे दोन ओळींत नोंदवलं, त्याला वाचायला दिलं, त्याची सही घेतली. खोट्या ओवीचे आणि नसलेल्या पुस्तकाचे गुण गेले, बाकीचे तसेच राहिले. सहीच्या या कागदाची झेरॉक्स फाईलला लावून ठेवा. मला त्याची गरज पडली नाही, पण रात्री झोप लागायला उपयोग झाला.

ज्यांना हवं त्यांना दुसरी संधी दिली, आणि जवळपास सगळ्यांनी ती घेतली. नवा स्वाध्याय असा: घरातल्या किंवा गावातल्या एका बाईकडून जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या, मोबाईलमध्ये रेकॉर्ड करायच्या, निदान पाच जशाच्या तशा उतरवायच्या. त्या बाईने ती ओवी कुणाकडून शिकली, कधी म्हणायची, हे विचारायचं. मग वर्गात एक तास बसून, फक्त आपली नोंदवही समोर ठेवून, त्यातल्या एका ओवीबद्दल आणि जनाबाईंच्या एका अभंगाबद्दल दोन पानं लिहायची. नोंदींना ४, वर्गातल्या लेखनाला ३, बोलण्याला ३ गुण. नमुना म्हणून मी त्यांना पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावरचा ओव्यांचा संग्रह दाखवला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह, त्यात आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बायांच्याही ओव्या आहेत. ताडकळस ऐकल्यावर मागच्या बाकावरची दोन पोरं एकदम सरसावून बसली.

खर्च असा झालाच नाही म्हणायचा: नोंदीच्या फॉर्मच्या झेरॉक्स विभागाच्या किरकोळ खर्चातून निघाल्या. अडचण आली रेकॉर्डिंगची. मोठ्या फाईली व्हॉट्सॅपवर आल्या की माझा फोन भरायचा. म्हणून तीन मिनिटांपेक्षा मोठं रेकॉर्डिंग पाठवायचं नाही, मूळ त्यांच्याकडेच ठेवायचं, असं ठरवलं. ज्या बाईचा आवाज आहे तिला आधी सांगायचं आणि तिची हरकत असेल तर फक्त लिहून आणायचं, हेही फॉर्मवर घातलं. काही घरांतून खरोखरच हरकत आली.

जे आलं त्याने माझे दिवाळीआधीचे दिवस भरून गेले. एकीच्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडतानाची ओवी सांगितली होती, आणि ती जात्यावर नव्हे तर कामावर म्हणायचो, अशी टीप मुलीने आपणहून जोडली. एकाच्या घरी जातंच उरलेलं नव्हतं. चुलतीला हळदीतल्या तेवढ्या आठवत होत्या, तर त्याने तेच लिहिलं की आमच्या घरात आता एवढ्याच उरल्यात. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. पण त्यातलं एकही पान दुसऱ्या कुणाचं असू शकत नव्हतं. तरीही एक-दोघांनी स्पष्टीकरणाचा भाग यंत्राकडून करून घेऊन पाठ केला होता, हे वर्गातल्या लेखनात दिसलंच. पूर्ण बंदोबस्त होतो, असं मी कुणाला सांगणार नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या त्या मुलीला मी ८ नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली होती. तोवर आई-वडील कारखान्यावर पोचले होते. तिने आईकडून ओव्या फोनवर घेतल्या, संध्याकाळी कोपीत, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, स्वयंपाक सुरू असताना. उसाच्या फडात म्हणायच्या ओव्या त्यात होत्या, ज्या मी आजवर ऐकल्या नव्हत्या. तिचे गुण मी सगळ्यांत शेवटी भरले.

वेळेचं सांगायचं तर साठ मुलांच्या भेटींना रोजचे तास सांभाळून दोन आठवडे जातात. प्रथम वर्षाला याच्या दुप्पट मुलं असतात, तिथे एकट्याने हे जमणार नाही. आम्ही ठरवलंय की तिथे प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायचं, दोन शिक्षकांनी वर्ग वाटून घ्यायचा, आणि वर्गात लिहून घेतलेलं एक पान सत्राच्या सुरुवातीलाच प्रत्येकाच्या फाईलीत ठेवायचं. पुढे शंका आली तर ताडून बघायला मुलाचं स्वतःचं लेखन हाताशी असतं. जिथे टाइप केलेलं मागतात, तिथल्यांनी गुगल डॉक्समध्ये लिहून घ्यावं. त्यातल्या बदलांच्या इतिहासात मजकूर हळूहळू वाढला की एकदम येऊन पडला, हे दिसतं. एकदम पडला म्हणजे यंत्राचाच असं मात्र नाही, आधी वहीत किंवा व्हॉट्सॅपवर लिहिलेलाही असू शकतो. तिथेही विचारावं लागतंच.

दुसऱ्या सत्राचा स्वाध्याय ठरला आहे: आठवडी बाजारातली बोली. प्रत्येकाने एक धंदा घ्यायचा, भुसारवाला, जनावरांचा दलाल, कासार, कुणीही, आणि त्याच्या तोंडचे शब्द त्याच्याचकडून समजून घेऊन लिहायचे. नोंदवह्या शेवटी एकदम मागायच्या नाहीत, पहिल्या आठवड्यापासून दर शनिवारी बघायच्या, असं वेळापत्रकात आत्ताच लिहून ठेवलं आहे.